विश्रांतीची मात्रा

पाठीच्या कण्यावर लहानशी शस्त्रक्रिया झालेला मनुष्य एक-दोन दिवसांत रुग्णालयांतून घरीं येतो, आणि त्याच्या पाठोपाठ घरांत एक वाद शिरतो. निघतांना डॉक्टरांनीं सांगितलेलें असतें कीं, थोडें थोडें चालावें. घरांतील वडील माणसें म्हणतात, "कण्याला शस्त्र लागलें आहे, महिनाभर तरी अंथरूण सोडूं नये." समाचाराला येणारे शेजारीपाजारी वडिलांच्याच बाजूनें साक्ष देतात. रुग्णाला स्वतःला उठण्याची भीति वाटते आणि पडून राहण्याचा कंटाळाही येतो. वरवर पाहतां हा एका घरांतला किरकोळ मतभेद आहे. परंतु श्रोतेहो, त्याच्या मागें वैद्यकाच्या इतिहासांतील एक मोठें मतांतर उभें आहे. वडील माणसें जें सांगतात तें त्यांच्या मनचें नव्हे. शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं जगांतील नामांकित शल्यवैद्य हेंच सांगत होते. तें मत कसें जन्मलें, कां मान्य झालें आणि कोणत्या पुराव्यानें ढळलें, हें आजच्या भाषणांत पाहावयाचें आहे.

प्रारंभ इजिप्तपासून करावा लागतो. १८६२ सालीं एड्विन स्मिथ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें लक्सर येथें पपायरसची एक जुनी गुंडाळी विकत घेतली. इ. स. पूर्व १६०० च्या सुमाराच्या या लेखांत जखमांचें आणि अस्थिभंगांचें क्रमवार वर्णन आहे. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनीं १९३० सालीं त्याचें भाषांतर प्रसिद्ध केलें. प्रत्येक दुखण्याची लक्षणें सांगून झाल्यावर त्याचा कर्ता निर्णय देतो: कांहींवर उपचार करावयाचा, कांहींशीं झुंजून पाहावयाचें, आणि कांहींना हात लावावयाचा नाहीं. मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेला रोगी या तिसऱ्या वर्गांत पडतो. यांत निष्ठुरता नव्हती; आपल्या विद्येची मर्यादा ओळखण्याचा प्रामाणिकपणा होता. आपल्याकडे चरकसंहितेंत वातव्याधींमध्यें ‘गृध्रसी’ सांगितली आहे. कंबरेपासून मांडी, पोटरी आणि पाऊल असा खालीं उतरत जाणारा तो शूल. त्यालाच आज आपण सायटिका म्हणतों. वर्णन अचूक आहे. पण या वेदनेचें मूळ पुष्कळदां कण्याच्या आंतच असतें, हें उमगण्यास विसावें शतक उजाडावें लागलें.

कण्याच्या आंत हात घालण्यापूर्वीं शल्यविद्येला दोन गोष्टींची वाट पाहावी लागली. १८४६ सालीं बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांत ईथरची गुंगी देऊन शस्त्रक्रिया करून दाखविण्यांत आली. आणि १८६७ सालीं जोसेफ लिस्टर यांनीं कार्बॉलिक ॲसिडच्या साह्यानें जखम निर्दोष राखण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. रोग्याला वेदना होऊं नयेत आणि जखम कुजूं नये, एवढें साधल्यावर वीस वर्षांनीं, ९ जून १८८७ रोजीं, लंडनमध्यें व्हिक्टर हॉर्स्ली यांनीं मज्जारज्जूवर दाब देणारी एक गाठ यशस्वी रीतीनें काढली. रोगाची जागा विल्यम गॉवर्स यांनीं केवळ लक्षणांवरून निश्चित केली होती, कारण क्ष-किरणांचा शोध लागण्यास अजून आठ वर्षें अवकाश होता. रोगी पायांनीं लुळा झालेला होता. तो पुढें चालूं लागला आणि आपल्या कामावर परत गेला. कणा उघडतां येतो आणि उघडल्यावर मनुष्य पुन्हां उभा राहतो, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

परंतु उभें केव्हां राहावें? या प्रश्नाचें त्या काळचें उत्तर दुसऱ्याच दोघांनीं देऊन ठेवलें होतें. लंडनच्या गाइज हॉस्पिटलांतील जॉन हिल्टन यांनीं १८६० ते १८६२ या काळांत विश्रांति आणि वेदना या विषयावर व्याख्यानें दिलीं. १८६३ सालीं त्यांचें पुस्तक झालें आणि तें अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनीं वाचलें. त्यांचा युक्तिवाद साधा होता. जखम भरून काढण्याचें काम निसर्ग करतो. शल्यवैद्यानें त्या कामांत व्यत्यय येऊं न देणें एवढेंच पाहावें. दुसरे, लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस. हाडें बसविणाऱ्या वैदूंच्या घराण्यांत त्यांचा जन्म झाला होता. विश्रांति सक्तीची असावी, अखंड असावी आणि दीर्घ असावी, असा त्यांचा आग्रह होता. मांडीच्या हाडासाठीं त्यांनीं बनविलेला लोखंडी सांगाडा त्यांच्या हयातींत फारसा चालला नाहीं; पण पहिल्या महायुद्धांत त्यांचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनीं तो आघाडीवर नेला, तेव्हां मांडी मोडलेल्या सैनिकांचे मृत्यु फार घटले.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेणें न्यायाचें होईल. या दोघांचें मत अडाणीपणाचें नव्हतें. त्यांच्यापुढें जे रोगी येत ते बहुधा मोडलेल्या हाडांचे किंवा क्षयानें पोखरलेल्या सांध्यांचे असत. पर्सिव्हल पॉट यांनीं १७७९ सालीं वर्णन केलेला कण्याचा क्षय त्या काळीं घरोघर मुलांना कुबड आणीत होता. त्यावर औषध नव्हतें. मणका पोखरून बसूं नये म्हणून मुलाला प्लॅस्टरच्या साच्यांत महिनेच्या महिने, प्रसंगीं वर्षेंही, उताणें ठेवणें याहून अधिक कांहीं करतां येण्याजोगें नव्हतें. फुप्फुसाच्या क्षयासही हाच न्याय लागू होता. मिरज, पांचगणी अशा ठिकाणीं उभ्या राहिलेल्या आरोग्यधामांत खाट, मोकळी हवा आणि सकस अन्न हाच उपचार होता. जेथें औषध नाहीं तेथें विश्रांति हेंच औषध ठरतें. चूक झाली ती पुढें. मोडलेल्या आणि सडलेल्या हाडासाठीं ठरविलेली मात्रा प्रत्येक दुखऱ्या पाठीला आणि प्रत्येक टांक्याला सरसकट देण्यांत येऊं लागली.

ही चूक उघडकीस येण्यास ज्या शस्त्रक्रियेनें हातभार लावला, तिचा जन्म १९३४ सालचा. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलांतीलच विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोघांनीं त्या वर्षींच्या ऑगस्टमध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. दोन मणक्यांच्या मध्यें एक चकती असते. तिचें बाहेरचें कडें चिवट आणि आंतला गर मऊ असतो. कडें फाटलें कीं गर बाहेर येतो आणि शेजारच्या मज्जातंतूवर दाबतो. पायांत उतरणारी ती वेदना पुष्कळदां त्यापासूनच होते. पूर्वीं शस्त्रक्रियेंत सांपडणाऱ्या ज्या गोळ्याला कूर्चेची गाठ समजत, तो फाटलेल्या चकतीचाच भाग आहे, असें या दोघांनीं दाखविलें. तो भाग काढतांच वेदना थांबूं लागल्या. शस्त्रक्रिया पाहतां पाहतां देशोदेशीं पसरली. परंतु तिच्या मागून जुनाच नियम चालत आला. वेदना शस्त्रानें तासाभरांत संपे, आणि रोगी मात्र कित्येक आठवडे अंथरुणाला खिळून राही.

या नियमाविरुद्ध कुजबूज पूर्वींपासून चालू होती. शिकागो येथील एमिल रीस यांनीं १८९९ सालींच लिहिलें होतें कीं, पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यांना एक-दोन दिवसांत उठविलें तर त्या लवकर सावरतात. त्यांचें फारसें कोणीं ऐकलें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत खाटा अपुऱ्या, परिचारिका अपुऱ्या, अशी स्थिति आली आणि पुष्कळांना लवकर उठविणें भाग पडलें. उठलेले रोगी बिघडले नाहींत, उलट सुधारले, हें डोळ्यांनीं दिसलें. १९४४ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पत्रिकेंत विश्रांतीच्या दुरुपयोगावर एक लेखमालाच आली. १९४७ च्या डिसेंबरांत लंडनचे रिचर्ड ॲशर यांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें अंथरुणाच्या धोक्यांवर एक खुसखुशीत पण मर्मभेदी लेख लिहिला. अवयवामागून अवयव घेऊन त्यांनीं दाखविलें कीं, खाट ही निरुपद्रवी वस्तु नव्हे.

तो हिशेब आजही खरा आहे. मनुष्य पडून राहिला कीं पायांतील रक्त मंदावतें. मंदावलेलें रक्त गोठण्याकडे झुकतें, हें रुडॉल्फ फिर्खो यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच सांगितलें होतें. अशी गुठळी पोटरींतून सुटून फुप्फुसांत गेली, तर चांगली झालेली शस्त्रक्रियाही प्राणावर बेतते. हाडांतील चुना झिरपून जातो, बद्धकोष्ठ जडतें, त्वचेला व्रण पडतात आणि मन खचतें. पाठीच्या रोग्याला तर आणखी एक दंड भरावा लागतो. कण्याला दोन्ही बाजूंनीं धरून ठेवणारे स्नायु म्हणजे शिडाच्या काठीला बांधलेले दोर होत. ते ढिले पडले तर काठी कितीही शाबूत असली तरी डगमगते. १९६६ सालीं अमेरिकेंतील डॅलस येथें विशींतल्या पांच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणांत ठेवून त्यांची दमश्वासाची शक्ति मोजण्यांत आली. ती चतुर्थांशाहून अधिक घटली. त्याच पांच जणांना तीस वर्षांनीं पुन्हां तपासलें, तेव्हां असें दिसलें कीं, तीन आठवड्यांच्या अंथरुणानें त्यांच्या शक्तीचा जितका ऱ्हास केला होता, तितका तीस वर्षांच्या वयानेंही केला नव्हता.

हा सारा वाद एकाच माणसाच्या पाठींत पाहावयाचा असेल, तर जॉन केनेडी यांचें चरित्र आठवावें. त्यांच्या पाठीवर पहिली शस्त्रक्रिया १९४४ सालीं झाली. सिनेटर असतांना, ऑक्टोबर १९५४ मध्यें, न्यूयॉर्क येथें दुसरी मोठी शस्त्रक्रिया करून मणक्यांजवळ धातूची पट्टी बसविण्यांत आली. जंतुसंसर्ग होऊन ते बेशुद्ध झाले आणि अंतकाळचे धर्मविधीही उरकण्यांत आले. १९५५ च्या फेब्रुवारींत ती पट्टी काढून टाकावी लागली. पुढले कित्येक आठवडे फ्लॉरिडांतील पाम बीच येथें वडिलांच्या घरीं त्यांनीं काढले. पडल्या पडल्या त्यांनीं मदतनिसांच्या साह्यानें जें पुस्तक सिद्ध केलें, त्याला १९५७ सालीं पुलिट्झर पारितोषिक मिळालें. मे १९५५ मध्यें ते सिनेटांत परतले. पण दुखणें गेलें नाहीं. इंजेक्शनें, पट्टा, झुलती खुर्ची असे उपाय चालूच राहिले. १९६१ च्या शरदांत, राष्ट्राध्यक्ष झाल्यानंतर, हान्स क्राउस नांवाच्या डॉक्टरांना बोलावण्यांत आलें. हे गृहस्थ स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. त्यांनीं पाठीपेक्षां पाठीभोवतालच्या स्नायूंची परीक्षा केली, ते दुबळे व आंखडलेले आढळले, आणि नेमानें व्यायाम सुरू केला. शस्त्रांनीं जें साधलें नव्हतें तें महिन्यामहिन्यांनीं साधूं लागलें. एका माणसाच्या अनुभवानें शास्त्र सिद्ध होत नाहीं; पण शास्त्र कोणत्या दिशेनें वळत होतें तें यांत स्पष्ट दिसतें.

शास्त्र सिद्ध करण्याचें काम मोजमापानें झालें, आणि त्यांतील एक मोठा टप्पा आपल्या देशांत गांठला गेला. १९५६ सालीं मद्रास येथें क्षयरोग्यांचे दोन गट करण्यांत आले. एका गटाला आरोग्यधामांत खाट, विश्रांति आणि चांगलें अन्न. दुसऱ्या गटाला त्यांच्या गरीब, दाटीच्या घरींच ठेवून औषधें. औषधें दोघांनाही तींच. १९५९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरीं राहिलेल्यांना अन्न कमी मिळालें होतें आणि विश्रांतीही कमी मिळाली होती. तरीही ते जवळजवळ आरोग्यधामांतील रोग्यांइतकेच बरे झाले होते. पुढें कोरियांत तोच प्रश्न खास कण्याच्या क्षयाबाबत विचारण्यांत आला. १९७३ पासून प्रसिद्ध झालेल्या अहवालांनीं दाखविलें कीं, योग्य औषध चालू असेल तर खाटेवर खिळवून ठेवल्यानें किंवा प्लॅस्टरचें जाकीट चढविल्यानें अधिक लाभ होत नाहीं. ज्या रोगानें अंथरुणाला सिंहासन दिलें होतें, त्याच रोगाच्या अभ्यासानें तें काढून घेतलें.

उरली ती साधी पाठदुखी आणि चकतीची शस्त्रक्रिया. १९८६ सालीं अमेरिकेंत रिचर्ड डेयो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०३ रुग्णांपैकीं कांहींना दोन दिवस आणि कांहींना सात दिवस पडून राहण्यास सांगितलें. अधिक पडण्यानें अधिक गुण आला नाहीं. कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. १९९५ सालीं हेलसिंकी येथें १८६ जणांचे तीन गट केले, तेव्हां झोपून राहणाऱ्यांपेक्षां आणि विशेष व्यायाम करणाऱ्यांपेक्षांही, सोसेल तसे नेहमींचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. हे प्रयोग शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांवरचे होते, हें लक्षांत ठेवावें. शस्त्रक्रियेचें रूपही दरम्यान पालटलें होतें. १९७७-७८ च्या सुमारास यासारगिल, कास्पर आणि विल्यम्स यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं, अगदीं लहान छेदांतून चकतीचा भाग काढण्याची पद्धति रूढ केली. स्नायु कमी कापले जाऊं लागले, रक्त कमी जाऊं लागलें आणि आठवड्यांचा मुक्काम दिवसांवर आला. अखेर १९९९ सालीं स्टॅनफर्ड येथील कॅरेजी यांनीं अशा १५२ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्यावर हालचालीचे कसलेच निर्बंध घातलेले नव्हते. बहुतेक जण अल्पावधींत कामावर गेले आणि निर्बंध नसल्यामुळें अपाय वाढल्याचें दिसलें नाहीं. मराठी वाचकाला या क्षेत्राची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत ‘ताठ कणा’ हें गोमंतकीय शल्यवैद्य डॉ. प्रेमानंद रामाणी यांचें आत्मकथन आहे. कण्यावर शस्त्र चालविणारा हा मनुष्य स्वतः मॅरेथॉन धावत असे, हा योग मोठा बोलका आहे.

आतां पुन्हां आपल्या घरांत येऊं. युरोप-अमेरिकेंतील सल्ला खुर्ची, टेबल आणि उंच पलंग गृहीत धरून दिलेला असतो. आपली जुनी राहणी जमिनीशीं जडलेली आहे. पाटावर मांडी घालून जेवणें, सतरंजीवर निजणें, उकिडवें बसून भांडीं घासणें, बसक्या शौचकूपाचा उपयोग करणें, या साऱ्यांत कंबर पुढें वांकते. पुढें वांकून बसल्यानें चकतीवरचा दाब वाढतो, हें स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत प्रत्यक्ष सुई घालून मोजलें. नुसत्या ताठ बसण्याविषयींचे त्यांचे आंकडे पुढील मोजमापांत थोडे बदलले. वांकण्याविषयींचा बोध कायम राहिला. म्हणून पहिले कांहीं आठवडे रुग्णाला उंच खाट, ताठ पाठीची खुर्ची आणि शक्य असल्यास उंच कमोड द्यावा. उठतांना एकदम कंबरेंतून उठूं नये. कुशीवर वळावें, पाय खालीं सोडावे आणि हाताच्या रेट्यानें बसावें. बसणें थोडें असावें, चालणें वरचेवर असावें. आज अंगणापर्यंत, उद्यां कोपऱ्यापर्यंत. भरलेली बादली आणि लहान मूल कांहीं काळ दुसऱ्यानें उचलावें. अंथरूण पाहून पाय पसरावे अशी आपली म्हण आहे. पाठीच्या रुग्णानें अंथरूण पाहून पाय जमिनीला लावावे.

घरांत होणाऱ्या चुकाही दोन परस्परविरुद्ध प्रकारच्या असतात. कर्त्या पुरुषाची शस्त्रक्रिया झाली तर त्याला पाण्याचा तांब्याही जाग्यावर मिळतो. महिनाभर तो उठत नाहीं आणि मग उठण्याची भीतीच त्याचें दुखणें होऊन बसते. गृहिणीची झाली तर चौथ्या दिवशीं तिच्या हातीं पाण्यानें भरलेली कळशी येते, कारण ती पडून राहिलेली घराला परवडत नाहीं. पहिल्याला विश्रांतीची मात्रा अधिक होते, दुसरीला कमी पडते. बाळंतिणीला सव्वा महिना देणाऱ्या समाजाला जपणूक शिकवावी लागत नाहीं. ती सर्वांना सारखी आणि मोजून द्यावी, एवढेंच सांगावयाचें आहे.

मोजणारा अर्थातच ज्याचा त्याचा शल्यवैद्य. मणके जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया आणि चकतीचा तुकडा काढण्याची लहान शस्त्रक्रिया यांचे नियम एक नाहींत. ताप येणें, जखमेंतून स्राव होणें, पाऊल लटकें पडणें, बैठकीच्या जागीं बधिरता येणें, लघवी अडणें किंवा नकळत होणें, पोटरी सुजणें, छातींत दुखणें किंवा दम लागणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर घरगुती वाद बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें. बाकीचें दुखणें हें बरें होण्याच्या वाटेवरचें असतें आणि त्याची भीति धरूं नये.

साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या वैद्यानें कण्याच्या रोग्यापुढें हात टेकले. एकोणिसाव्या शतकानें त्याला आशा दिली आणि अंथरूणही दिलें. विसाव्या शतकानें हळूहळू, अनेकांच्या हट्टी मोजमापांतून, त्याला उठवून बसविलें. विश्रांति खोटी ठरली असें यावरून कोणीं समजूं नये. तीही एक औषधि आहे. आणि प्रत्येक औषधीप्रमाणें तिलाही मात्रा आहे. घरीं आलेल्या रुग्णाला वडिलांनीं उशी अवश्य द्यावी. पण थोड्या वेळानें हातही द्यावा, आणि त्याच्याबरोबर चार पावलें चालावें.